बंद घरातून मिळालेली परवानगी

"अहो आठवा ना, ते नाव आठवा!"

मी दवाखान्याच्या जिन्यापाशी ओरडत होते. यांच्या हातात मोबाईल, मोबाईलवर आकडे उलटे चाललेले... एकोणीस, अठरा, सतरा... अन् पडद्याच्या पलीकडं माझी अडीच वर्षांची परी टेबलावर ताणलेली, डोळे वर गेलेले, ओठ निळे. नर्स दोनदा बाहेर येऊन गेली. "बाई, त्या इंजेक्शनचं नाव आठवलं का? डॉक्टर थांबलेत." नव्हतं आठवत. मला बी नाय, यांना बी नाय. ते नाव आमच्या घरच्या कॉम्प्युटरमधी होतं. अन् मोबाईलवरून त्यात शिरायचं तर तिकडं घरी, कॉम्प्युटरपुढं बसून कुणीतरी 'परवानगी द्या' हे बटण दाबावं लागायचं. घराला कुलूप होतं. मीच लावलेलं. चावी माझ्या मुठीत होती, इतकी घट्ट की तिचे दात तळहातात उमटले होते.

घरात कुणी नव्हतं. हे आधी नीट ध्यानात घ्या. कुणीच नव्हतं.

मी नववीपर्यंत शिकलेली. लिहायचा सराव नाय, हे मोबाईलमधी बोलून लिहितेय, वाक्यं इकडं तिकडं झाली तर सांभाळून घ्या. तुमचे सगळ्यांचे अनुभव मी इथं वाचते, पण खरं सांगू, वाचून मी हसायची. माझं माहेर पाचोडचं. आमच्या घरामागं लिंबाखाली बायांच्या अंगात यायचं तवा बी मी हसायची अन् आईचा मार खायची. असलं काही मला कधीच पटलं नाय. आज बी पटतंय का ते मलाच सांगता येत नाय...

आम्ही पडेगावला राहतो. दौलताबादच्या रस्त्याला आत वळलं की दोन खोल्या अन् पुढं ओसरी. माझे मालक पुण्याला कंपनीत हायेत, महिन्यातून एकदा येतात. घरी मी, परी अन् माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, त्यांची लेकरं त्यांना अण्णा म्हणतात.

मामांनी आख्खी जिंदगी कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन काढली. लोकांचे अर्ज, दाखले, प्रतिज्ञापत्रं. त्यांच्यापुढं लई माणसं न वाचता अंगठा लावून गेली अन् नंतर रडत आली. म्हणून त्यांचा एकच नियम होता, वाचल्याशिवाय सही नाय. दूधवाल्याची चिठ्ठी बी ते दोनदा वाचायचे. मी चेष्टा करायची, "मामा, त्यात काय हाये? अर्धा लिटरच लिहिलंय." ते म्हणायचे, "अर्धाच लिहिलंय हे वाचल्यावर कळलं ना पोरी."

गुडघे गेले तवा कचेरी सुटली. मग यांनी घरी कॉम्प्युटर आणून दिला अन् मामा घरूनच टाइप करायला लागले. पण कधी मराठी अक्षरांचे चौकोनी डबे व्हायचे, कधी प्रिंटर रुसायचा. की लावला पुण्याला फोन, "अरे, अक्षरं परत डबे झाली."

म्हणून मागच्या वर्षी यांनी पुण्यावरून घरचा कॉम्प्युटर चालवायची सोय केली. ती सोय करताना दोघांचं जे भांडण झालं ते मला अजून शब्द न शब्द याद हाये. हे कॉम्प्युटरपुढं, मामा बाजूला स्टुलावर.

"अण्णा, हे बघा. मी पुण्यावरून मागणी केली की इथं चौकट येईल. कोण मागतंय, कुठून मागतंय, सगळं मराठीत लिहून येईल. तीस सेकंद असतात. तुम्ही 'परवानगी द्या' दाबलं तरच मी आत येणार."

"अन् तुझ्या नावानं दुसराच कुणी आला तर?"

"म्हणून आधी मी तुमच्या मोबाईलला फोन करीन. फोन वाजला नाय अन् चौकट आली, तर दाबायचं नाय. काय?"

"आधी फोन, मग बटण."

"व्हय. नायतर कायमचा पासवर्ड टाकून ठेवू का? मग तुम्हाला दाबायची कटकटच नाय. मी सरळ आत येत जाईन."

मामा चिडले. "आपल्याच घरात चोरासारखा सरळ आत? मी काय मेलो का? मी हाये तवर परवानगी माझी."

"बरं बाबा, तुमची."

तवापासून तसंच चालायचं. फोन वाजायचा, चौकट यायची, मामा चष्मा लावायचे अन् माऊसचा बाण एकेका शब्दाखालून सरकवत चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. रोज तीच चौकट, रोज तेच शब्द! पुण्यावरून हे फोनवर वैतागायचे, "अण्णा, दाबा ना, संपत आलं!" अन् मामा बरोबर तीन सेकंद राहिले की दाबायचे. दोन नाय, चार नाय. तीन. हे मला म्हणायचे, "मुद्दाम करतेत अण्णा, मला दम धरायला शिकवतेत."

परी आठ महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा तापात झटके आले होते. तवा एक इंजेक्शन दिलं अन् ती सुजली, श्वास बसला. कशीबशी वाचली. डॉक्टरनं त्या औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं अन् बजावलं, हे परत कधीच द्यायचं नाय. मामांनी ती चिठ्ठी कपाटात ठेवली, अन् कॉम्प्युटरमधी परीच्या नावाचा फोल्डर करून त्यात बी टाइप करून ठेवली. मला म्हणले, "पोरी, बस इथं, कुठं ठेवलंय बघून घे. शिकून घे हे सगळं."

मी म्हणले, "मला नाय जमायचं मामा. तुम्ही हाये ना."

अन् मग ते नव्हतेच.

सकाळी चहा घेऊन गेले तर खुर्चीत बसलेले, चष्मा लावलेला, मान जरा खाली. मला वाटलं वाचतेत. मी चहा ठेवला अन् भाकरी करायला गेले. परत आले तर चहावर साय धरलेली. ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून जातच नाय... मी त्यांना हाक बी मारली नव्हती, वाचताना त्यांना बोललेलं आवडायचं नाय म्हणून.

जिथं जीव गेला तिथं दिवा ठेवतात, म्हणून कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारीच दिवा ठेवला. मामांचा मोबाईल बी तिथंच चार्जिंगला, त्यावर लोकांचे फोन यायचे. दहा दिवस दिवा विझू द्यायचा नाय अन् घर मोकळं सोडायचं नाय, असं आमच्यात असतं. पुण्यावरून हे आले होते, सोयगाववरून माझी मोठी नणंद आली होती, तिला मी आक्का म्हणते. ती दिव्यापासून हलायची नाय.

नवव्या दिवशी सकाळी हे कॉम्प्युटरवर दहाव्याचा निरोप टाइप करत होते. परीला रात्रीपासून ताप होता. एकदम ती माझ्या कडेवर ताठ झाली अन् मी किंचाळले. पुढचं धड आठवत नाय. कॉम्प्युटर चालूच राहिला, आक्का अनवाणी धावत आली, मी कुलूप ओढलं अन् रिक्षात बसलो. नगर नाक्यापाशी आलो तवा आक्का कपाळाला हात लावून म्हणली, "अगं बाई... दिव्यापासी कुणीच नाय. अण्णाला एकट्याला कोंडून आलो आपण."

चिठ्ठी कपाटातच राहिली. शेजारी फोन करून उपयोग नव्हता, चावी एकच अन् ती माझ्यापासी. घरी जाऊन परत यायचं म्हणजे पाऊण तास. डॉक्टर म्हणले, "झटका थांबत नाहीये. दोन औषधं आहेत माझ्याकडं, पैकी तिला न चालणारं कोणतं एवढंच सांगा. अंदाजानं देऊ शकत नाही मी."

तवा यांनी मोबाईल काढला. वर्षभराची सवय हो, हात आपोआप गेला. मागणी केली. आकडे सुरू झाले, ते मी वर सांगितलं. सतरा, दहा, पाच, शून्य. 'परवानगी मिळाली नाही.'

"कुणी नाय घरी," मी रडायला लागले. "काय करताय तुम्ही? कुणी नाय तिथं!"

हे माझ्याकडं बघत बी नव्हते. स्वतःशीच बोलले, "फोन नाय केला. आधी फोन करायचा असतो." अन् यांनी मामांच्या मोबाईलला फोन लावला. मी कान लावून ऐकलं, रिंग जात होती... बंद घरात, दिव्यापासी तो मोबाईल वाजत असंल. कुणी उचलला नाय. रिंग संपली. यांनी परत मागणी केली.

तीस. आक्का भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होती. वीस. आतून परीचा घरघर आवाज. दहा. यांच्या तोंडून निघालं, जसं वर्षभर फोनवर निघायचं तसंच, "अण्णा, दाबा ना, संपत आलं..."

पाच. चार. तीन.

तीनवर आकडा थांबला. अन् यांच्या मोबाईलवर आमचा कॉम्प्युटर उघडला.

यांनी परीचा फोल्डर उघडला, नाव सापडलं, मोबाईल घेऊन तसेच पडद्याआड पळाले. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. थोड्या वेळानं परीचं अंग सैल पडलं अन् ती रडली. तिचं रडणं मला एवढं गोड कधीच लागलं नव्हतं.

नंतर बाकड्यावर बसलो तवा हे हळूच म्हणले, "दाबलं कुणी?"

आक्कानं मला विचारलं, "चावी कुठं हाये?"

मी मूठ उघडली.

दुपारी मी अन् आक्का कपडे आणायला घरी आलो. कुलूप जसंच्या तसं. आक्का उंबऱ्याबाहेरच थांबली. मी एकटी आत गेले. काही काही बदललं नव्हतं. खुर्चीवर मामांची शाल तशीच घडी घातलेली. चष्मा फोटोपुढं, मिटलेला. दिवा जळत होता. आक्कानं तेल भरपूर घातलं होतं, तवा त्यात नवल नाय. स्क्रीनवर यांनी उघडलेली ती चिठ्ठी दिसत होती, 'परीला हे देऊ नये', मामांनी टाइप केलेली. मी तिथंच खाली बसून रडले. भीती नंतर आली. आधी रडूच आलं.

यांनी पुण्याला कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणला, असं होत नसतं, वेळ संपली की नकारच जातो, घरी कुणीतरी असंल. प्रोग्रॅममधी नोंद असती ती बी यांनी बघितली. लिहिलं होतं की परवानगी घरच्याच कॉम्प्युटरवरून दिली.

दहाव्याला कायगावला नदीवर गेलो. कावळा शिवंना. हे हात जोडून म्हणले, परीला जपतो, आक्काकडं येणं-जाणं ठेवतो. तरी नाय. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

हे पुण्याला गेले, जाताना म्हणले कॉम्प्युटर अन् अण्णांचा मोबाईल चालूच राहू दे. आठ दिवसांनी मी परीला घेऊन अंगणवाडीत होते तर यांचा फोन. "तू घरी हायेस का?"

"नाय. का?"

"घरात कुणी?"

"कुणी नाय, कुलूप हाये. का हो?"

"आत्ता परत दाबलं अण्णानं. तीनवर."

तवापासून रोज. मी अंगणवाडीत गेले की हे जेवणाच्या सुट्टीत आधी मामांच्या मोबाईलला रिंग द्यायचे, मग मागणी करायचे. फोन न करता केली तर नकार. फोन केला की तीनवर परवानगी. अन् आत शिरून हे कोरं पान उघडून लिहायचे. मी घरी आले की ते पान तसंच स्क्रीनवर असायचं. 'अण्णा, बरे हायेत का?' त्याच्याखाली नुसती मोकळी जागा. दुसऱ्या दिवशी, 'अण्णा, काहीतरी लिहा.' मोकळी जागा. एक दिवस लिहिलं होतं, 'अण्णा, तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला होता. मी मीटिंगमधी होतो, उचलला नाय. काय सांगायचं होतं?' त्याच्याखाली एवढी जागा सोडली होती की मला ते पान खाली खाली सरकवावं लागलं. काहीच नव्हतं.

मामा दार उघडायचे, एवढंच. बोलायचे नाय.

हे जेवंनात. कामात चुका व्हायला लागल्या, साहेब बोलले. अन् इकडं मला स्वयंपाक करताना पाठीमागं कुणी असल्यासारखं वाटायचं. एक दिवस परीला सर्दी म्हणून मी अंगणवाडीला गेलेच नाय अन् यांना सांगायला विसरले. दुपारी मामांचा मोबाईल वाजला. मी परीला छातीशी धरून दारातच थांबले. कॉम्प्युटरवर चौकट आली. माऊस टेबलावर तसाच, त्याला कुणाचा हात नाय... अन् स्क्रीनवरचा बाण हलला. चौकटीतल्या पहिल्या शब्दाखाली गेला. मग दुसऱ्या. हळू, एकेका शब्दाखालून, ओळ संपली की पुढच्या ओळीला. बाण खाली आला, थांबला, अन् बटण दाबलं गेलं. परी आपली शेंबूड ओढत माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

मी तडक आक्काला फोन केला, सगळं ओकले. मला वाटलं ती म्हणंल देवाचं कर, अंगारा लाव. ती रडायलाच लागली. म्हणली, "कावळा शिवला नाय तवाच मला कळलं होतं. अगं, तुम्ही रोज दारावर थाप मारता अन् म्हातारा रोज उठून येतो. त्याचे गुडघे तुला ठाऊक हायेत ना? जाऊ दे ना गं त्याला. थकला असंल."

ते माझ्या काळजात बसलं.

रात्री यांना म्हणले, "तो कायमचा पासवर्ड टाका. कुणी दाबायची गरजच नको."

"नाय."

"तुम्ही तिकडं असता. इथं मी अन् पोरगी."

"काय खातेत का तुला? माझे वडील हायेत ते. त्यांनीच वाचवली परीला."

"म्हणून तर म्हणतेय. आक्का म्हणती त्यांना रोज उठवताय तुम्ही."

हे एवढ्याशा आवाजात म्हणले, "ते मला पुण्यावरून नाय करता येणार. घरच्या कॉम्प्युटरवरूनच करावं लागतं. तुला करावं लागंल."

रविवारी सकाळी मी मामांच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. परी बाजूच्या पलंगावर झोपलेली. फोन कानाला, हे एकेक सांगत होते, कुठं जायचं, काय उघडायचं. मी पासवर्ड टाकला, दोनदा टाकला. मग शेवटची चौकट आली. हे म्हणले, "होय दाब. झालं."

मी म्हणले, "थांबा, वाचू द्या."

बोट ठेवून वाचलं, लई वेळ लागला. 'यापुढे या संगणकावर प्रवेश करण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज राहणार नाही. चालू करायचे?' खाली होय अन् नाही.

माझा हात माऊसवरून उठला. का ते माहीत नाय. मी फोटोकडं बघून म्हणले, "मामा, मी वाचलं. तुम्ही बी वाचा. तुमच्या मनात असंल तर तुम्हीच दाबा. नायतर राहू द्या."

बाण हलला. 'यापुढे'च्या खाली गेला. 'या'च्या खाली. 'संगणकावर'च्या खाली लई वेळ थांबला. फोनवर हे विचारत होते, "काय झालं? दाबलं का?" बाण 'कोणाच्याही', 'परवानगीची', 'गरज' करत पार शेवटपर्यंत आला. मग 'होय'पासी आला... अन् तिथंच उभा राहिला.

मी वाट बघितली. या चौकटीला तीस सेकंदांची मुदत नव्हती. बाण ना पुढं गेला, ना 'नाही'कडं गेला. पूर्ण वाचून, नुसता उभा.

परीनं झोपेत कूस बदलली. फोनवर हे रडत होते, "दाबलं का गं? अण्णा हायेत का तिथं?"

मी माऊस धरला अन् दाबलं.

आता कुणी येत नाय. हे दोनदा पुण्यावरून सरळ आत शिरले, आधी फोन नाय, चौकट नाय, वाट बघणं नाय. दुसऱ्यांदा म्हणले, "मोकळं मोकळं वाटतं गं," अन् मग यांनी ते सोडूनच दिलं. जेवतेत आता. परी बरी हाये. अंगणवाडीच्या बाई सही मागतात तवा मी पूर्ण वाचून करते, त्या हसतात.

आक्का म्हणती चांगलं केलंस, सुटले अण्णा. असतील सुटले. पण मला दुपारी त्या खुर्चीकडं बघवत नाय. मी हाये तवर परवानगी माझी, असं म्हणणारा माणूस. माझ्या लेकराला वाचवलं त्यानं. अन् त्यानं ती चौकट शब्द न शब्द वाचली होती, अन् दाबलं नव्हतं. सही मी केली.

ते काय होतं, मला आज बी कळलेलं नाय. कुणाला कळलं तर सांगा. पण त्याच्याआधी मला दुसरंच विचारायचंय... बाण तिथं उभा हाये, बाजूला पोरगी झोपलीय, फोनवर नवरा रडतोय. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्ही दाबलं असतं का?